घरचा लादी पाव: कृती तीच, मग दरवेळी वेगळा का होतो?

डिसेंबरात ज्या कृतीने मऊ, उंच पाव झाला, त्याच कृतीचा पाव मे महिन्यात बसका होतो, आंबूस लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा भुगा पडतो. मैदा तोच, यीस्ट त्याच पाकिटातलं, ओव्हन तोच. बदललेली असते ती हवा. बहुतेक कृतींमध्ये ‘तासभर झाकून ठेवा’ असं सरळ लिहिलेलं असतं; हा तास कुठल्या स्वयंपाकघरातला, हे मात्र कुणी सांगत नाही. जानेवारीत नाशिकला जे पीठ फुगायला दोन तास घेतं, तेच मे महिन्यात चिपळूणला पाऊण तासात दुप्पट होतं आणि लक्ष नसेल तर खाली बसायलाही लागतं. पाव शिकायचा म्हणजे मिनिटं पाठ करायची नसतात, पिठाच्या खुणा ओळखायच्या असतात. म्हणून खाली मापं अगदी ग्रॅमपर्यंत दिली आहेत, पण वेळा मुद्दाम सैल ठेवल्या आहेत.

कोणता मैदा, आणि कणकेचा पाव जड का होतो

गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी लागलं की ती एकमेकांना धरतात आणि ग्लुटेनचं जाळं तयार होतं. ग्लुटेनिनमुळे पिठाला जोर येतो, ग्लायडिनमुळे ते ताणलं जातं. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि तो वायू या जाळ्यात अडकून राहतो म्हणून पाव फुगतो. जाळं कमजोर असेल तर वायू निसटतो. मग यीस्ट कितीही घाला, उपयोग नाही.

मैद्याच्या पाकिटामागे पोषणमूल्यांचा तक्ता असतो. त्यात १०० ग्रॅममागे प्रथिनं किती, ते बघा. १० ते ११ ग्रॅम असतील तर लादी पावाला तो मैदा चांगला. ९ किंवा त्याखाली असतील तर तो नानकटाई आणि केकसाठी ठेवा. तिथे ग्लुटेन जितकं कमी तितकं बरं. चांगला मैदा मिळालाच नाही तर ५०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम ग्लुटेन पावडर मिसळा. त्याने प्रथिनं साधारण दीड टक्क्याने वाढतात आणि पाणीही १०-१५ मिली जास्त लागतं.

कणकेत प्रथिनं मैद्यापेक्षा कमी नसतात, तरी कणकेचा पाव दाट होतो. याचं एक कारण कोंडा. कोंड्याचे धारदार कण ताणलेलं जाळं जागोजागी कापतात आणि पाणी स्वतःकडे ओढून घेतात. दुसरं कारण चक्की. दगडांमध्ये दळताना गव्हातल्या स्टार्चचे बरेच कण फुटतात. फुटलेला स्टार्च भरपूर पाणी पितो, म्हणून तर चक्कीच्या पिठाची पोळी मऊ राहते. पावात मात्र हाच फुटका स्टार्च भराभर साखरेत बदलतो आणि आतला गर चिकट होतो. कणीक घालायचीच असेल तर आधी १०० ग्रॅम मैद्याच्या जागी १०० ग्रॅम कणीक घ्या, पाणी १५ मिली वाढवा आणि मळण्याआधी मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे कोंडा भिजून मऊ होतो.

मापं: वजनात आणि शेकड्यात

वजनकाट्याशिवाय पाव करू नका. एकाच कपात मैदा सैल भुरभुरून भरला तर ११० ग्रॅम बसतो, पिशवीत कप खुपसून भरला तर १४०-१५०. एवढ्या फरकाने पीठ एकदा सैल, एकदा घट्ट होणारच. बेकरीत मैदा नेहमी १०० धरतात आणि बाकी प्रत्येक वस्तू त्याच्या टक्क्यांत सांगतात. या हिशेबामुळे अर्धा किलोचा पाव असो की दहा किलोचा, कृती बदलत नाही.

मैदा ५०० ग्रॅम (१०० टक्के)
पाणी ३२५ ग्रॅम (६५)
साखर २५ ग्रॅम (५)
लोणी किंवा बटर ३० ग्रॅम (६)
दूध पावडर १५ ग्रॅम (३)
मीठ ९ ग्रॅम (१.८)
इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम (१). उन्हाळ्यात ३ ग्रॅम

एकूण गोळा ९०० ग्रॅमच्या आसपास होतो. यातून ५६ ग्रॅमचे १६ पाव निघतात आणि ते २५ सेंटीमीटर बाजूच्या चौकोनी ट्रेमध्ये चार रांगांत बरोबर बसतात. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) लहान असेल तर सगळं निम्मं करा: ५० ग्रॅमचे ९ पाव आणि १८ सेंटीमीटरचा टिन. ट्रेचं माप हलक्यात घेऊ नका. लादीतले पाव एकमेकांना टेकून वर चढतात. ट्रे मोठा असेल तर ते आडवे पसरतात आणि चपटे होतात. चव तीच राहील, पण वडा ठेवायला उंची उरणार नाही.

मीठ चवीसाठी असतंच, शिवाय ते ग्लुटेन घट्ट करतं आणि यीस्टला आवरतं. मीठ विसरलात तर पीठ चिकट होतं, भसकन फुगतं आणि तितक्याच लवकर बसतं. मीठ यीस्टला लागलं की यीस्ट मरतं, ही भीती मात्र अनाठायी आहे. कोरड्या मैद्यात दोन्ही एकत्र ढवळायला काहीच हरकत नाही. फक्त थोड्याशा पाण्यात मीठ आणि यीस्ट दोन्ही विरघळवून ठेवू नका. साखर पाच-सहा टक्क्यांपर्यंत यीस्टला मदत करते. दहाच्या पुढे गेली की ती पाणी धरून बसते आणि यीस्ट मंदावतं, म्हणून गोड बनाच्या पिठाला फुगायला जास्त वेळ लागतो. दूध पावडरऐवजी दूध वापरायचं असेल तर उकळून गार केलेलं घ्या. कच्च्या दुधातली काही प्रथिनं ग्लुटेन ढिलं करतात. आपल्याकडे दूध तापवूनच ठेवायची पद्धत असल्याने ही अडचण सहसा येत नाही.

यीस्टचे तीन प्रकार दुकानात दिसतात. ५ ग्रॅम इन्स्टंटच्या जागी ॲक्टिव्ह ड्राय ६ ते ७ ग्रॅम लागतं, आणि ताजं वडीचं यीस्ट १५ ग्रॅम. इन्स्टंट थेट मैद्यात मिसळता येतं. ॲक्टिव्ह ड्राय कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा. वर फेस जमला तरच वापरा. पाणी हाताला चटका देणारं नको, ५५ अंशांच्या पुढे यीस्ट मरायला लागतं. फोडलेलं पाकीट चिमटा लावून फडताळात ठेवण्याची सवय सोडा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत त्याचा जोर झपाट्याने ओसरतो. हवाबंद बाटलीत, फ्रीझरमध्ये ठेवलं तर ते महिनोन्‌महिने चांगलं राहतं.

पाणी किती गार, किती गरम

मळून झाल्यावर पिठाच्या आतलं तापमान २६-२७ अंश सेल्सिअस असावं. या तापमानाला यीस्ट बेताने काम करतं आणि पिठाला चव यायला वेळ मिळतो. २० वरून ३० अंशांवर गेलात तर यीस्टचा वेग साधारण दुप्पट होतो. त्याच्याही वर आंबट करणारे जिवाणू जोर धरतात आणि पावाला उग्र वास येतो. खोलीचं तापमान आपल्या हातात नसतं, मैद्याचंही नसतं. हातात असतं ते पाणी.

बेकरीवाल्यांचा हिशेब असा: हवं असलेलं तापमान गुणिले तीन, त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि मळताना वाढणारी उष्णता वजा करायची. उरेल तो आकडा पाण्याचा. हाताने मळताना २ अंश वाढतात असं धरा, मशीनने मळणार असाल तर १० धरा.

मे महिना, खोली ३३ अंश, मैदा ३२ अंश, हाताने मळायचं आहे. २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून ३३, ३२ आणि २ गेले, उरले ११. म्हणजे पाणी फ्रीजमधलंच हवं. मशीन असेल तर आकडा ३ येतो, म्हणजे पाण्यात बर्फ टाकावा लागेल. पुण्यातली थंडी, खोली २१, मैदा २१: उरतात ३४, म्हणजे कोमट पाणी. ‘कोमट पाण्यात यीस्ट घाला’ हे वाक्य बहुतेक थंड देशांतल्या कृतींमधून आपल्याकडे आलं आहे. आपल्या उन्हाळ्यात ते जसंच्या तसं पाळलं की सुरुवातीलाच पीठ ३२-३३ अंशांवर जातं आणि पुढचं सगळं बिघडतं. एक साधा खुपसायचा थर्मामीटर घ्या. पावासाठी वजनकाट्यानंतर एवढीच एक वस्तू खरोखर गरजेची आहे.

तिंबणं

परातीत मैदा, साखर, दूध पावडर, यीस्ट आणि मीठ एकत्र करा. पाणी घालून कोरडं पीठ कुठे उरणार नाही एवढंच कालवा, झाका आणि २० मिनिटं विसरून जा. या वेळात मैदा पाणी पितो आणि ग्लुटेन आपोआप जुळायला लागतं. हातांचे निम्मे कष्ट इथेच वाचतात.

मग ओट्यावर घेऊन तिंबा. सुरुवातीला पीठ हाताला भरपूर चिकटेल. इथे मूठभर मैदा भुरभुरायचा मोह होतो आणि घरच्या पावाची सगळ्यात मोठी चूक नेमकी इथे होते. दोनतीन मुठींनी ५०-६० ग्रॅम मैदा सहज जातो आणि ६५ टक्के पाणी ५८ वर येतं. तेवढ्याने मऊ पावाचा कडक गोळा होतो. चिकटलं तर पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून घ्या, पीठ उचला, ओट्यावर आपटा, स्वतःकडे ताणून वर दुमडा, आणि हेच करत राहा. सहा-सात मिनिटांत चिकटपणा कमी होतो. मग लोणी तीनचार वेळा थोडं थोडं घाला. आधीच घातलं तर त्याचा थर पिठाच्या कणांवर बसतो आणि ग्लुटेन जुळायला उशीर होतो. लोणी घालताच पीठ पुन्हा लिबलिबीत, फाटल्यासारखं दिसेल. घाबरू नका, आणखी पाच मिनिटांत ते एकजीव होऊन चकाकतं.

झालं की नाही ते असं बघा: लिंबाएवढा गोळा घ्या, बोटांना तेल लावा आणि दोन्ही हातांनी हळूहळू चारी बाजूंनी ताणा. उजेडात धरल्यावर बोटांची सावली आरपार दिसेल एवढा पातळ पापुद्रा न फाटता झाला पाहिजे. फाटला तर भोकाची कड बघा. दातेरी असेल तर अजून तिंबायला हवं. गुळगुळीत असेल तर जवळपास झालंच आहे. तयार पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ लागतं.

पहिलं फुगणं

तेल लावलेल्या भांड्यात झाकून ठेवा. दुप्पट झालं की थांबायचं. पण गोल बुडाच्या पातेल्यात दुप्पट म्हणजे किती, हे नजरेला समजत नाही. त्यासाठी सोपी युक्ती: पिठातून ३० ग्रॅमचा तुकडा काढा, सरळ बाजूंच्या लहानशा काचेच्या ग्लासात दाबून बसवा, उंचीवर रबरबँड लावा आणि ग्लास मोठ्या भांड्याच्या शेजारीच ठेवा. ग्लासातलं पीठ रबरबँडच्या दुप्पट उंचीवर आलं की भांड्यातलंही तयार. दुसरी परीक्षा बोटाची. पिठात बुडवलेलं कोरडं बोट गोळ्यात दोन पेरं खुपसा. खड्डा लगेच भरून आला तर वेळ आहे. तसाच राहिला तर झालं. बोट काढताच आजूबाजूचं पीठ खचलं तर उशीर झाला.

उशीर झाला तरी टाकून देऊ नका. हवा काढा, पुन्हा घडी घालून गोळा करा आणि पुढे चला, फक्त दुसऱ्या फुगण्यावर बारीक लक्ष ठेवा, कारण ते लवकर होईल. पीठ पार पातळ होऊन दारूसारखा वास येत असेल तर त्याचा पाव होणार नाही. त्याचे १०० ग्रॅमचे गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि पुढच्या ५०० ग्रॅमच्या पिठात एकेक गोळा घाला. जुनं पीठ नव्यात घालायची ही पद्धत बेकरीत फार पूर्वीपासून आहे, आणि चवीला त्याची सर दुसऱ्या कशाला नाही.

थंडीत पीठ हलत नसेल तर ओटीजी बंद ठेवूनच आत गरम पाण्याचं पातेलं आणि शेजारी पीठ ठेवा. उन्हात ठेवू नका. वरचा थर तापून सुकतो आणि आत गारच राहतं.

उन्हाळ्यात सकाळच्या नाश्त्याला पाव हवा असेल तर रात्री मळा, ३ ग्रॅम यीस्ट घाला, अर्धा तास बाहेर ठेवून डबा फ्रीजमध्ये टाका. आठ ते बारा तासांनी गार पिठाचेच गोळे करता येतात आणि ते वळायला सोपेही जातात. दुसरं फुगणं तेवढं लांबतं.

वळणं, लादी लावणं आणि भाजणं

गोळे वजन करून तोडा. एक ५० चा आणि शेजारचा ६५ चा असेल तर एक करपेल, एक कच्चा राहील. प्रत्येक तुकडा दाबून हवा काढा, कडा मध्यभागी आणून चिमटा, चिमटलेली बाजू खाली करा आणि हाताचा पोकळ द्रोण करून ओट्यावर गोल फिरवा. खालची बाजू ओट्याला किंचित चिकटायला हवी, म्हणजे वरची त्वचा ताणली जाते. ओट्यावर मैदा असेल तर गोळा नुसता घसरतो आणि ताण येत नाही. वरून सैल राहिलेला गोळा फुगताना आडवा पसरतो.

ट्रेला लोणी लावा, गोळ्यांमध्ये बोटभर जागा सोडा. पाव उकलताना स्वच्छ सुटावेत म्हणून गोळ्यांच्या बाजूंनाही तेलाचं बोट फिरवतात. ओलसर कापडाने झाका. आता गोळे एकमेकांना टेकेपर्यंत आणि ट्रेच्या काठापर्यंत येईपर्यंत थांबा. बोटाने हलकेच दाबा: खड्डा हळूहळू, अर्धाच भरून आला की ती भाजायची वेळ. पहिल्या वेळी खड्डा तसाच राहायला हवा होता, इथे अर्धा भरायला हवा, कारण ओव्हनमध्ये अजून एक उडी बाकी असते.

ही उडी पहिल्या सहा-आठ मिनिटांत होते. उष्णतेने वायू प्रसरण पावतो, पाण्याची वाफ होते, आणि यीस्टही मरण्याआधी शेवटचा जोर लावतं. पुढे ६० ते ८० अंशांच्या दरम्यान स्टार्च पाणी शोषून शिजतो, प्रथिनं घट्ट होतात आणि सांगाडा पक्का होतो. त्याआधी दार उघडलंत तर आतली गरम हवा निघून जाते आणि पाव जागीच खचतो. पहिली १२ मिनिटं काचेतून बघा.

ओटीजी २०० अंशांवर, दोन्ही रॉड लावून, कमीतकमी २० मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणजे ओटीजी तापला असं नव्हे. हवा तापलेली असते, पत्रा नाही. आत लटकवायचा थर्मामीटर असेल तर उत्तम, कारण डायलवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत २०-२५ अंशांचा फरक सहज असतो. पावांवर दुधाचा हात फिरवा, ट्रे खालच्या जाळीवर ठेवा, १९० अंशांवर १८ ते २२ मिनिटं भाजा. वरून लवकर काळे पडायला लागले तर फॉइल टाका. पंखा चालू असलेल्या ओव्हनमध्ये तापमान १५-२० अंशांनी कमी ठेवा. मधल्या पावाच्या आत ९३ ते ९५ अंश आले की बाहेर काढा. लगेच लोणी फिरवा, दहा मिनिटांनी लादी टिनमधून काढून जाळीवर ठेवा आणि सुती कापडाने झाका. कापडाखाली वाफ कोंडून वरची साल मऊ पडते. टिनमध्येच राहू दिलं तर तीच वाफ बुडाशी साचून तळ ओलसर होतो.

ओव्हन नसेल तर जुन्या कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला जाडं मीठ पसरून, वर स्टँड ठेवूनही पाव होतो. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग मंद-मध्यम आचेवर ३०-३५ मिनिटं. पाव शिजतो, पण वरून रंग येत नाही, कारण वरच्या बाजूला थेट धग नसते. तव्यावर लोणी टाकून ती बाजू शेकून घेतली की काम भागतं.

पाव उभा कापून बघा

बिघाड बाहेरून जेवढा दिसतो त्याहून जास्त आत दिसतो. तळाशी दाट, ओलसर पट्टी असेल तर पाव कमी फुगलेला होता किंवा खालून धग कमी पडली. बाजूने फाटला असेल तर दुसऱ्यांदा पुरेसा फुगू दिला नाही. आतल्या जोराला वाट हवी होती, ती त्याने काढली. सालीखाली मोठी पोकळी म्हणजे वळताना हवा नीट काढली नाही, किंवा झाकण सैल राहून वरचा थर सुकला. बाहेर काढल्यावर सुरकुतला तर जास्त फुगला किंवा कमी भाजला. आतलं तापमान पाहिलं असेल तर यातलं कोणतं ते लगेच कळतं. पूर्ण वेळ भाजूनही फिका राहिला तर पीठ इतकं आंबलं होतं की रंग आणणारी साखर यीस्टने आधीच संपवली.

जाळी बारीक आणि सारखी हवी. मोठी, वेडीवाकडी भोकं फ्रेंच पद्धतीच्या ब्रेडमध्ये चांगली दिसतात, लादी पावात ती नकोत. मिसळीचा कट त्यातून थेट ताटात गळतो.

बेकरीच्या पावाचा हलकेपणा घरी येत नाही, अशी तक्रार असते. काही ठिकाणी पूर्वी त्यासाठी पोटॅशियम ब्रोमेट वापरत. २०१६ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्यावर बंदी घातली. ग्लुटेनला बळकटी देण्याचं तेच काम क जीवनसत्त्व करतं. ५०० ग्रॅम मैद्याला २० मिलिग्रॅम पुरे, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या साध्या गोळीच्या पुडीचा पंचविसावा भाग. दुसऱ्या दिवशीही पाव मऊ हवा असेल तर खळ करा: मापातलाच २५ ग्रॅम मैदा आणि १२५ मिली पाणी ढवळत ६५ अंशांपर्यंत, चमच्याचा माग उमटेपर्यंत शिजवा, पूर्ण गार करून पिठात घाला. शिजलेला स्टार्च जास्त पाणी धरून ठेवतो.

शिळा होणं

पाव शिळा होतो तो निव्वळ सुकल्यामुळे नाही. भाजताना सैल झालेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा रांगेत बसून कडक होत जातो. हे सगळ्यात वेगाने होतं ते फ्रीजच्या तापमानाला, म्हणून पाव फ्रीजमध्ये ठेवणं सगळ्यात वाईट. एक दिवस बाहेर डब्यात, त्याहून जास्त ठेवायचा तर पूर्ण गार झाल्यावर पिशवीत घालून थेट फ्रीझरमध्ये. परत ६० अंशांच्या वर तापवला की स्टार्च पुन्हा सैल होतो. शिळा पाव मस्का लावून तव्यावर शेकल्यावर मऊ होतो तो यामुळेच. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या पावाला पिकल्या फळासारखा वास आला आणि तुकडा तोडताना आत तार सुटली तर तो फेकून द्या. बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू भाजूनही मरत नाहीत आणि दमट उष्ण हवेत वाढतात. पुढच्या वेळी ५०० ग्रॅमला एक चहाचा चमचा व्हिनेगर घाला आणि भांडी, ओटा व्हिनेगरने पुसून घ्या.

ब्रून आणि पोय

हेच पीठ थोडं बदललं की इराणी हॉटेलातल्या ब्रूनच्या, म्हणजे कडक सालीच्या पावाच्या, जवळ जाता येतं. लोणी आणि दूध पावडर काढून टाका, साखर ५ ग्रॅम करा, पाणी ३०० ग्रॅम. २२० अंशांवर भाजा आणि पहिली दहा मिनिटं खाली उकळत्या पाण्याचा उथळ ट्रे ठेवा. वाफेमुळे साल उशिरा घट्ट होते, पाव पुरता फुगतो, आणि वाफ काढून टाकल्यावर साल पातळ, कडक होते. गार होताना झाकायचं नाही.

पोय म्हणजे गोव्यातला कणकेचा, आतून पोकळ पाव. तिचं तंत्र वेगळं आहे. गोव्यात पोर्तुगीज १५१० पासून १९६१ पर्यंत होते, आणि पाव त्यांनी आणला. यीस्ट मिळेना, म्हणून पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली गेली. माडावरून उतरवल्यावर काही तासांतच सूर हवेतल्या आणि भांड्यातल्या यीस्टने फसफसायला लागते, तिच्यात आंबट करणारे जिवाणूही असतात, त्यामुळे जुन्या पोयीला मंद आंबूस चव असे. आता बहुतेक पोदेर, म्हणजे गोव्यातले पाववाले, यीस्टच वापरतात. उंडो, कातरो पाव, कडक कांकण हे तिथले बाकीचे प्रकारही एकाच भट्टीतून निघतात, पण घरी करायला सगळ्यात सोपी पोयच, कारण तिला उंची लागत नाही.

कणीक २५० ग्रॅम, मैदा २५०, पाणी ३५०, मीठ ९, साखर १०, यीस्ट ४ ग्रॅम. पहिलं फुगणं झालं की ८० ग्रॅमचे गोळे करा, दहा मिनिटं विसावू द्या, गव्हाच्या कोंड्यात घोळवून ८ मिलिमीटर जाडीचे लाटा. कोंडा पसरलेल्या कापडावर ठेवून वरून दुसरं कापड घाला, अर्ध्या-पाऊण तासात त्या फुगीर दिसतील. तोवर ओटीजीत लोखंडी तवा पालथा ठेवून, चालेल तेवढ्या जास्त तापमानावर, म्हणजे २३० ते २५०, अर्धा तास तापवा. पोय तव्यावर सरकवा. सात ते नऊ मिनिटांत ती टम्म फुगते आणि आत पोकळ खिसा होतो.

खिसा होतो कारण तव्याच्या धगीने खालची आणि वरची त्वचा आधी घट्ट होते, मधल्या ओल्या पिठाची वाफ होते आणि ती दोन्ही थर एकमेकांपासून ढकलते. नुसती भाकरीसारखी चपटी राहिली तर आधी तवा पुरेसा तापला होता का ते बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. एका बाजूने फुगून दुसरीकडे बसली तर लाटताना जाडी कमीजास्त झाली. कोंडा पिठात रुतून त्वचेला चीर पडली असेल तर वाफ तिथून निसटते, म्हणून कोंडा वरून हलक्या हाताने लावायचा, लाटण्याने दाबून बसवायचा नाही. आणि वरचं कापड कोरडं राहून पोयीला वरून सुकी पापडी धरली असेल, तर भाजण्याआधी पाण्याचा हात फिरवून पाच मिनिटं थांबा. त्वचा पुन्हा ताणली जाईल एवढी ओली झाली की मगच तव्यावर घाला.